पेन्सिलीची घाई

प्रति,
माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : सहा वर्षांच्या आतल्या मुलांकडून सक्तीने लिहून घेणे, गृहपाठ आणि परीक्षा बंद करण्याबाबत

माननीय मंत्रिमहोदय,



विषयाच्या ओळीत माझं म्हणणं आलंच आहे, आणि मंत्रालयात त्या ओळीच्या पुढे किती वाचलं जातं याची मला थोडीफार कल्पना आहे. तरी चार पानं लिहिते आहे. कारण ही मागणी तोंडी सांगितली की समोरचा माणूस आधी हसतो. "शाळेत घालायचं आणि लिहायचं नाही? मग मुलं करणार काय?" असं विचारतो. त्याचं उत्तर एका ओळीत मावत नाही.

मी बालवाडीची बाई. नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीला लागून कामगारांची वस्ती आहे, तिथे एका लहानशा संस्थेच्या बालवाडीत माझी सगळी नोकरी झाली. मुलं तीन ते सहा वर्षांची. बाप कुणी फिटर, कुणी टर्नर, कुणी गेटवर वॉचमन. आया पॅकिंगला, नाहीतर धुण्याभांड्याला. निम्मी घरं खानदेशातून आलेली. निवृत्त झाल्यापासून नव्या अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणाला अधूनमधून बोलावणं येतं, तेवढंच. पदवी फार मोठी नाही, बालशिक्षणावर पुस्तकबिस्तक लिहिलेलं नाही. पण तीन वर्षांचं मूल जमिनीवर बसून काय करतं, हे मी इतकं जवळून पाहिलं आहे की त्या विषयावर आपल्या कुठल्याही समितीसमोर बसायची माझी तयारी आहे.

शहरातल्या कुठल्याही इमारतीत संध्याकाळी सहाच्या सुमाराला जिने चढून बघा. ज्युनिअर केजीतलं मूल, चार पूर्ण नाहीत, खुर्चीवर उशी ठेवून टेबलाशी बसवलेलं असतं. समोर दुरेघी वही, 'क'चं पान. आई मागून हात धरून गिरवून घेते, कारण पान अपुरं राहिलं की डायरीत शेरा येतो. खाली पार्किंगमध्ये पोरं ओरडत असतात ती त्याला ऐकू येतात. शाळा इंग्रजी असेल तर कर्सिव्ह, मराठी असेल तर मुळाक्षरं, फरक तेवढाच. वस्तीतही हेच चालतं. तिथे टेबल नसतं, आणि आईच्या जागी महिन्याचे पैसे घेऊन शिकवणारी शेजारची मुलगी असते. साडेतीन वर्षांच्या मुलाला शिकवणी! आमच्या काळी मॅट्रिकला गटांगळ्या खाणाऱ्यांना शिकवणी असे.

आता हाताविषयी. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चेची असतात, हाड म्हणावं असं एकही नसतं. वर्षागणिक एकेक तयार होतं. म्हणून तर मुलाचं वय ठरवायचं झालं की डॉक्टर मनगटाचा एक्स-रे काढतात. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेत आठांपैकी तीन-चारच दिसतात. आता हाडं झाली नाहीत म्हणून लिहिता येत नाही, इतकं सरळ गणित मी मांडत नाही. तसं मांडणारी पत्रकं मी पाहिली आहेत, आणि ती मला आवडत नाहीत. सांगायचं एवढंच की हात अजून घडतो आहे, आणि तो खांद्याकडून बोटांकडे घडत येतो. दोन वर्षांचं मूल खडू मुठीत धरतं आणि अख्खा दंड हलवून रेघोट्या मारतं. पुढे कोपर मोकळं होतं, मग मनगट. अंगठा आणि दोन बोटांत पेन्सिल धरून नुसती बोटं हलवायची, हे बहुतेकांना पाच-सहाच्या घरात जमतं.

आकारांनाही क्रम असतो. तिसऱ्या वर्षाच्या आसपास मूल पाहून गोल काढतं. अधिकचं चिन्ह, म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेघा, चौथ्याच्या आसपास. चौकोन त्यानंतर. त्रिकोणाच्या तिरप्या रेघा पाचव्याच्या सुमाराला, कित्येकांना त्याहून उशिरा. हे बालविकासाच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात आहे, आणि आमच्या वर्गाच्या फरशीवर खडूने काढलेलं मी दर वर्षी पाहिलं. आता 'क' पाहा: मधोमध उभी रेघ, डावीकडे बंद पोट, उजवीकडे खाली वळणारा बाक, डोक्यावर आडवी रेघ. ज्याला अजून अधिकचं चिन्ह येत नाही त्याच्याकडे आपण 'क'चं भरलेलं पान मागतो. 'इ' आणि 'ळ'चं तर नावच नको. मूल ते पान पुरं करतं, करत नाही असं नाही. पेन्सिल मुठीत आवळून, ओठ दाताखाली धरून, कागद फाटेस्तोवर दाबून. त्यातून दोन गोष्टी अंगवळणी पडतात. एक, पेन्सिलीची वाकडी पकड, जी पुढे दहावीच्या पेपरात बोटं दुखवते. दुसरी, 'मला येत नाही' ही समजूत. पकड सुधारता येते.

मग बालवाडीत करायचं काय?

आमच्याकडे साधनं थोडी होती. लाकडी ठोकळे, मणी, चार बाहुल्या. त्यातलंही दर वर्षी काहीतरी हरवायचं. पण सातपूरला भंगाराला तोटा नाही. एका पालकसभेत मी सांगितलं, कारखान्यात टाकायला काढलेले मोठे नट-बोल्ट, वॉशर, पाइपचे तुकडे मिळाले तर आणून द्या. गंज नको, धार नको, तोंडात जाईल इतकं बारीक काही नको. पुढच्या आठवड्यात पोतं भरलं. बापांनी एकेक कड कानशीने घासून आणली होती. एरवी पालकसभेला आया यायच्या. बापांचा सहभाग म्हणतात तो मी पहिल्यांदा त्या पोत्यात पाहिला.

वॉशर सुतळीत ओवायचे. नट बोल्टावर चढवायचा, शेवटपर्यंत फिरवत न्यायचा, परत काढायचा. निरनिराळ्या मापांचे बोल्ट एकत्र कालवून ठेवले की कुठला नट कुठे बसतो हे शोधताना चार वर्षांची पोरं मान वर करत नसत. मोठ्यापासून लहानापर्यंत वॉशरची रांग लावायची. दोन हातांत दोन तुकडे घेऊन जड कुठला ते सांगायचं. नट फिरवताना जी तीन बोटं लागतात तीच पेन्सिलीला लागतात, आणि दुसऱ्या हाताने बोल्ट स्थिर धरावा लागतो, जसा पुढे कागद धरायचा असतो. त्याशिवाय कणीक मळणं, ओलं फडकं पिळणं, हंगामात भुईमुगाच्या शेंगा फोडणं. उन्हाच्या वेळी डिस्टेंपरचा रुंद ब्रश पाण्यात बुडवून बाहेरची भिंत रंगवायची. ती वाळते, म्हणून पुन्हा रंगवायची. खांदा, कोपर, मनगट सगळं त्यात आलं, आणि खर्च बादलीभर पाणी.

एक टर्नर बाप दारात उभा राहून हे बराच वेळ बघत होता. म्हणाला, "बाई, नट फिरवायला शाळेत कशाला घालायचं? नट तर मी पण फिरवतो."

त्याचं बोलणं मला लागलं, पण खोटं वाटलं नाही. बँकेत फॉर्म भरताना ज्याला शेजारच्याकडे बघावं लागलं आहे, त्याच्यासाठी वही काय आहे हे मी त्याला शिकवायची गरज नव्हती. मी त्याला बोटांचं सांगितलं, रेघांचं सांगितलं. त्याने मान डोलावली. पोराला बालवाडीतून काढलं नाही, पण संध्याकाळची शिकवणीही बंद केली नाही. मंत्रिमहोदय, बाईने समजावलं की पालक बदलतात, असं प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत असतं. वही हातात धरून दाखवता येते, पाहुण्यांसमोर काढता येते. बोटांत आलेली ताकद पाहुण्यांना कशी दाखवणार? पालक घाबरलेला आहे, त्याला दोष देऊन काही होणार नाही. जिथून तो घाबरतो ती जागा आपल्या हातात आहे, तिच्याकडे मी येतेच.

इथे आपल्या विभागातला एखादा वाचलेला अधिकारी बोट ठेवील: माँटेसरीबाईंकडे चार-पाच वर्षांची मुलं लिहीत होती की! बरोबर आहे. ६ जानेवारी १९०७ ला रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरींनी पहिलं बालगृह उघडलं, आणि वर्षभरातच तिथली काही मुलं भराभर लिहू लागली. पण आधी ती मुलं आकृत्यांच्या कडा बोटांनी चाचपत होती, खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवत होती, आणि लिही असं त्यांना कुणीही सांगितलेलं नव्हतं. बाईंनाच त्याचं आश्चर्य वाटलं होतं. माझीही एखाद-दोन मुलं पाचव्या वर्षी आपणहून फरशीवर नाव लिहीत. मी खडू पुढे केला, हात धरला नाही. लिहिणाऱ्या मुलाला कुणी अडवू नये. मोठ्यांनी ते मागून घेऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे. (आज माँटेसरी हे नाव किती नर्सरींच्या पाट्यांवर आहे बघा, आणि आत जाऊन बाकांच्या रांगाही बघा. पाटी रंगवून घेणाऱ्याला विचारणारं कुणी नाही.)

मी फिनलंडचं उदाहरण देणार नाही. तिकडे मुलं सातव्या वर्षी शाळेत जातात हे आता रिक्षावाल्यालाही माहीत आहे. त्याऐवजी कोसबाडची गोष्ट सांगते. कोसबाड आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात आहे, पण गोष्ट भावनगरपासून सुरू होते.

गिजुभाई बधेकांनी वकिली सोडली आणि १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. ताराबाई मोडक तिथे जाऊन त्यांच्याबरोबर राबल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे मुंबईत दादरला ताराबाईंनी शिशुविहार चालवलं. इथपर्यंत ही सगळी शिकल्यासवरलेल्यांच्या मुलांची गोष्ट होती. मग १९४५ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्या बोर्डीला गेल्या. त्याच वर्षी पुण्यात हुजूरपागेत शिकवणाऱ्या अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. तिथल्या वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. तिथली मुलं दिवसभर गुरांमागे, म्हणून गुरं चरतात तिथेच कुरणशाळा भरली.

कुरणशाळेचं कौतुक सगळे करतात. मला यात सगळ्यात धाडसाची वाटते ती साधनांची गोष्ट. माँटेसरींची साधनं शास्त्राने मोजून केलेली, महाग. त्यातला ठोकळा इकडचा तिकडे करायला भक्तमंडळी घाबरत. या दोघींनी त्यामागचं तत्त्व ठेवलं आणि वस्तू बदलल्या. शिंपले, बिया, काड्या, पानं, माती. आमच्या नट-बोल्टांना परवानगी मिळाली ती तिथून.

२ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि गावोगावच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळालं. सेवा सहा ठरल्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार आणि आरोग्याचं शिक्षण, आणि शाळापूर्व शिक्षण. पहिल्या पाचांचं वजन होतं, मोजमाप होतं, रकाने भरतात. सहावीचं असं काही होत नाही, म्हणून वेळ कमी पडला की कात्री तिलाच. सेविका सकाळी मुलांना गोलात बसवते, एक बडबडगीत होतं, तेवढ्यात फोन वाजतो. पोषण ट्रॅकर भरायचा राहिला आहे, वजनाच्या नोंदी अजून चढल्या नाहीत, उद्याच्या बैठकीला गोषवारा हवा आहे. मुलं भिंतीला टेकून बसतात. वेळ भरायला फळ्यावर अ आ इ ई लिहून दिलं की शांतता होते. अंगणवाडीत पेन्सिल शिरली ती बऱ्याचदा अशी, शांततेसाठी. त्या बाईवर माझा राग नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मानधन आणि पेन्शनसाठी सेविका-मदतनिसांनी संप केला, तो महिनाभराहून अधिक चालला. मुलांचा आहार थांबला अशा बातम्या आल्या, आणि त्या यायलाच हव्या होत्या. मुलांचं शिकणं थांबलं, अशी एकही माझ्या वाचनात आली नाही.

खरं तर कागद आपल्या बाजूचा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानला, म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्या टप्प्याचा राष्ट्रीय आराखडा आला. खेळातून शिकणं त्यात पानोपानी आहे. खेळण्यांची 'जादुई पिटारा' पेटीही आली. प्रा. यशपाल समितीने तर १९९३ मध्येच नर्सरी प्रवेशासाठीच्या चाचण्या आणि मुलाखती बंद करा म्हटलं होतं. चांगल्या कागदांची आपल्याकडे टंचाई कधीच नव्हती.

अडतं ते कायद्यात. मूळ राज्यघटनेच्या ४५ व्या कलमाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शिक्षणाचं सांगितलं होतं, खालची मर्यादा न घालता. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, पण सहा ते चौदा वयाचा. सहाच्या आतली मुलं 'राज्याने प्रयत्न करावा' या सदरात गेली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही त्यांच्यासाठी ११ वं कलम आहे ते मुभा देणारं. सरकारने केलंच पाहिजे असं त्यात नाही. परिणाम काय झाला? दोन खोल्या भाड्याने घेऊन, भिंतीवर मिकी माउस काढून कुणीही नर्सरी उघडतो. तिथे काय शिकवतात, किती लिहून घेतात, बाई काय शिकलेली आहे, हे बघायला जाणारा अधिकारी आपल्याकडे नाही. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची, पहिली आपल्या खात्याची, आणि नर्सरी कुणाचीच नाही. तीन ते सहा वर्षांचं मूल महाराष्ट्रात नेमकं कुठल्या टेबलावर आहे, हे मला आजतागायत समजलेलं नाही.

भाषेचं थोडं सांगते. २०२५ च्या एप्रिलपासून जूनअखेरपर्यंत पहिलीच्या मुलाला तिसरी भाषा असावी का यावर सगळा महाराष्ट्र भांडला, आणि शेवटी सरकारने आदेश मागे घेतले. मागे घेतले ते योग्यच झालं. पण त्या तीन महिन्यांत मेळघाटातल्या कोरकू मुलाशी, गडचिरोलीतल्या गोंडी बोलणाऱ्या मुलीशी अंगणवाडीत पहिल्या दिवशी कुठल्या भाषेत बोलावं, हे विचारलेलं मी ऐकलं नाही. आमच्याकडे खानदेशातली मुलं यायची. "माले पानी दे" म्हणणाऱ्याला आधी पाणी द्यायचं असतं. 'मला पाणी द्या' असं त्याच्याकडून वदवून घेत बसलं की ते तहानलेलंच राहायला शिकतं. ज्या भाषेत आई रागावते त्याच भाषेत त्याला गोष्ट ऐकायला मिळाली पाहिजे. त्यासाठी पाड्यावरचीच बाई नेमा. दहावीचे गुण थोडे कमी असले तरी चालतील.

गोष्टीला मी बालवाडीतलं सगळ्यात मोठं काम मानते. रोज एक, आणि पुष्कळदा कालचीच. तीन वर्षांच्या मुलाला नवी गोष्ट नको असते. भोपळ्यातून जाणाऱ्या म्हातारीला आधी वाघ भेटला की कोल्हा, यात मी मुद्दाम घोटाळा केला की सगळा गोल उठून ओरडायचा. पुढे काय येणार हे आधीच ओळखणं, शब्दाला शब्द लागून येतो हे कळणं, जी वस्तू समोर नाही ती डोळ्यांसमोर आणणं. वाचन याहून निराळं काय असतं? ज्या घरात पुस्तक नाही त्या घरच्या मुलाला हे बालवाडीतच मिळू शकतं. अक्षरं त्याला पुढे पहिलीत मिळणारच आहेत. गोष्टी राहिल्या तर कोण देणार?

गणिताचंही तसंच. शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला 'पाच चिंचोके आण' म्हणून पाहावं, मूठभर आणतं. आमच्याकडे खाऊच्या ताटल्या मांडायचं काम मुलांकडे असे. एक ताटली उरली तर आज कोण आलं नाही, एक कमी पडली तर नवं कोण आलंय, हे तीच शोधत.

आता घाबरण्याची जागा. ती पहिलीत आहे. पहिलीचं वय ३१ डिसेंबरला सहा पूर्ण असं धरतात, म्हणजे जूनमध्ये वर्गात बसलेल्या कित्येकांना साडेपाचच झालेली असतात. आणि बऱ्याच शाळांत पहिल्याच आठवड्यात मुलाला मुळाक्षरं लिहिता येतात असं धरून काम सुरू होतं. ज्याला येत नाहीत तो पहिल्या महिन्यात 'मागे' पडतो. आई-बापांना हे थोरल्या मुलामुळे किंवा शेजाऱ्यांमुळे माहीत झालेलं असतं. मग ते सिनिअर केजीत लिहून मागतात, सिनिअर केजीवाले ज्युनिअरकडे बोट दाखवतात, ज्युनिअरवाले नर्सरीकडे, आणि अडीच वर्षांच्या प्लेग्रुपमध्ये टिंबं जोडायची वही येते. सगळ्यांना वरून कुणीतरी ढकलतं आहे. ढकलणारा हात पहिलीचा आहे आणि पहिली आपल्या खात्यात आहे.

म्हणून मी परिपत्रक मागते आहे ते आधी पहिलीचं. पहिलीचं पहिलं सत्र, जूनपासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत, लेखनाच्या वहीशिवाय जावं. त्यात ऐकणं, बोलणं, गोष्टी, वस्तू मोजणं, माती, रेघा, आणि अक्षरं ती वाचायला, ओळखायला. दिवाळीनंतर लिहू द्या. त्या सत्रात कुठल्याही निमित्ताने मुलांची लेखी चाचणी घेऊ नये. अधिकाऱ्यांनी तपासणीला जाताना मुलाची वही मागू नये. हे एवढं झालं की केजीच्या वह्यांचं गिऱ्हाईक आपोआप कमी होईल असं मला वाटतं. दर वर्षी पहिलीच्या दाराशी 'पहिले पाऊल'चे मेळावे होतात, आई-बाप एकत्र येतात. तिथेच त्यांना हे मुख्याध्यापकांच्या तोंडून, सहीशिक्क्याच्या कागदावर कळू द्या. बालवाडीच्या बाईचं सांगणं वेगळं आणि सरकारी शिक्क्याचं वेगळं, हे मी त्या टर्नरकडून शिकले.

त्यानंतर दुसरं परिपत्रक सहाच्या आतल्या सगळ्या केंद्रांचं, खाजगी नर्सरीही धरून. लेखनाचा गृहपाठ नाही, परीक्षा नाही, गुणपत्रक नाही, प्रवेशाला मुलाची किंवा आई-बापाची मुलाखत नाही. त्यासाठी दोन खात्यांना एका टेबलावर बसवावं लागेल, ते आपण बसवा. आणि सेविकेचे सकाळचे दोन-अडीच तास मुलांचे म्हणून राखून ठेवा. त्या वेळात तिला फोन करायचा नाही, बैठकीला बोलवायचं नाही, ॲप भरायला लावायचं नाही. नोंदी दुपारी होतील. मुलं वीसच्या वर गेली की दुसरी बाई द्या. पैसे लागतील, मला ठाऊक आहे. छापील कार्यपुस्तिकांवरचा खर्च आधी तपासून पाहावा.

विरोध होईल. वह्या छापणारे करतील, शाळा चालवणारे करतील, आणि सगळ्यात मोठ्याने पालक करतील. विधानसभेत कुणीतरी उठून म्हणेल की गरिबांच्या मुलांना अडाणी ठेवायचा हा डाव आहे. त्या आमदारांना तो टर्नर भेटलेला असेल, म्हणून त्यांना उडवून लावू नये. त्यांना सातपूरला पाठवा. ते पोतं अजून बालवाडीत आहे. चार वर्षांच्या मुलाशेजारी बसून दहा नट आपापल्या बोल्टांना लावायला सांगा, आणि कोण आधी संपवतं ते पाहा.

कळावे.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका
सातपूर, नाशिक

ता. क. – परिपत्रक निघालंच तर सोप्या मराठीत काढावं, दोन पानांच्या वर जाऊ नये, आणि 'आजच अंमलबजावणी करून अहवाल सादर करावा' अशी शेवटची ओळ त्यात नसावी. त्या अहवालासाठी कुठलीतरी बाई मुलांना फळ्यावरचं उतरवून घ्यायला बसवेल.